चाळीसपट पाणी, पण कुणाच्या अंगावरून?

घरच्या समुद्री टाकीत प्रवाळ ठेवायचे ठरवलेल्या माणसाला सगळ्यात आधी एक गुणाकार शिकवला जातो. टाकीत किती लिटर पाणी बसते ते पाहा. मऊ प्रवाळ असतील तर त्याला दहाने गुणा, मिश्र टाकी असेल तर वीसने, नाजूक फांद्यांचे दगडी प्रवाळ असतील तर चाळीसने. दर तासाला तेवढे लिटर फेकणारे पंप आणले की पाण्याच्या हालचालीचा प्रश्न मिटला. दुकानदार हेच सांगतात, वर्षानुवर्षे टाकी सांभाळणारे हौशीही हेच सांगतात, आणि पंपाच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडाही तासाला किती लिटर हाच असतो. या गुणाकाराला टर्नओव्हर म्हणतात. माझा त्याला विरोध आहे. तो अपुरा आहे एवढ्यापुरता हा विरोध नाही. तो भलत्याच गोष्टीचे मोजमाप करतो, आणि त्याच्यावर विसंबल्यामुळे वाचू शकले असते असे जीव मरतात.

आधी हिशेबच करून पाहू. एक मध्यम टाकी घ्या: लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ५०, पाण्याची उंची ५०. झाले ३०० लिटर. दहापट टर्नओव्हर म्हणजे तासाला ३,००० लिटर. एवढे पाणी टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळ्या रुंदी-उंचीतून सारखे सरकते असे धरले, तर त्याची गती निघते सेकंदाला जेमतेम ०.३ सेंटिमीटर. चाळीसपट केले तरी १.३. खुल्या समुद्रातल्या रीफवर, म्हणजे प्रवाळभित्तीवर, साध्या दिवशीसुद्धा पाणी सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर सरकत असते, आणि लाटा फुटतात त्या कडेला क्षणाक्षणाचा वेग मीटरच्या घरात जातो. टर्नओव्हरच्या वाटेने नुसती दहा सेंटिमीटरची गती गाठायची तर तासाला ९०,००० लिटर फेकावे लागतील, म्हणजे टाकीच्या तीनशेपट. तीनशेपट कुणीच करत नाही. तरीही नीट मांडलेल्या टाकीत वीसपट पंपांवर दहा-पंधरा सेंटिमीटरची गती मिळते, आणि त्याच पंपांवर शेजारच्या टाकीत प्रवाळापाशी पाणी जवळपास ठप्प असते. दोन्ही टाक्यांचा टर्नओव्हर एकच. मग तो आकडा सांगून नेमके काय सांगितले?

हे असे का होते, ते पंपातून सुटलेल्या धारेकडे पाहिले की कळते. दोन सेंटिमीटर तोंडाच्या नळीतून निघालेली धार आपला मूळ वेग तोंडाच्या व्यासाच्या साधारण सहापट अंतरापर्यंत टिकवते, म्हणजे १२ सेंटिमीटरपर्यंत. त्यानंतर अंतर वाढेल तसा वेग उतरत जातो. ६० सेंटिमीटरवर तो पाचव्या हिश्शावर आलेला असतो. पण उतरता उतरता ही धार आजूबाजूचे पाणी ओढून बरोबर घेते, आणि पंपाने फेकले त्याच्या कितीतरी पट पाणी हलू लागते. समोरच्या काचेवर आपटून ते वळले, खालून किंवा मागून परत आले आणि पुन्हा त्याच धारेत मिसळले, तर सगळ्या टाकीभर एक मोठे चक्र फिरू लागते. एकदा फिरू लागलेले पाणी फिरतेच राहू पाहते, पंपाला फक्त घर्षणात गेलेले भरून काढायचे असते. टाकीतली खरी गती या चक्रात असते. ते बनते की मोडते हे ठरते पंपाची जागा, त्याचे तोंड, समोर मोकळी असलेली लांबी आणि दगडांची मांडणी यांवर. खोक्यावरच्या आकड्यात यातले काहीच नसते. तो आकडा पुढे कसलाही अडथळा नसताना काढलेला असतो, नव्याकोऱ्या पंपावर. काही महिन्यांनी आत चुन्याची आणि गुलाबी शैवालाची खपली धरली की तो उरतही नाही. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये पंप भिजवून स्वच्छ करणे हे नवा पंप घेण्यापेक्षा पुष्कळदा जास्त उपयोगाचे असते.

अरुंद तोंड आणि रुंद तोंड यांतला फरकही लिटरमध्ये दिसत नाही. तेवढ्याच विजेत अरुंद धार जोरात मारण्यापेक्षा रुंद तोंडातून जास्त पाणी सावकाश ढकलले, तर पाण्याला एकूण रेटा जास्त मिळतो. हे साधे भौतिकशास्त्र आहे. जर्मनीच्या टुंझे कंपनीचे प्रोपेलरवाले पंप या शतकाच्या सुरुवातीला घरोघरच्या टाक्यांत गेले आणि प्रवाळ पाळण्याची रीत बदलली, ती याच कारणाने. पुढे अमेरिकेतल्या इकोटेक कंपनीने मोटर काचेबाहेर ठेवून चुंबकाने आतला पंखा फिरवला, मॅक्सस्पेक्टने आडव्या नळकांड्याच्या पंपातून पाण्याचा रुंद पडदा सोडला. या सगळ्या सुधारणा धारेचा आकार बदलण्याच्या होत्या. आणि ग्राहक अजून दुकानात जाऊन विचारतो की किती लिटरचा घेऊ.

आता प्रवाळाकडे येतो, कारण वाद शेवटी त्याच्यासाठी आहे. प्रवाळाला नाक नाही, कल्ले नाहीत, फुप्फुस नाही. श्वासाचा वायू, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फेट, टाकाऊ द्रव्ये, यांची बहुतेक देवाणघेवाण त्वचेतून होते. त्वचेला चिकटून पाण्याचा एक पातळ थर असतो आणि तो जवळजवळ हलत नाही. स्थिर पाण्यात तो मिलिमीटरभर किंवा त्याहूनही जाड असतो, वाहत्या पाण्यात त्याच्या काही अंशावर येतो. या थरातून प्रत्येक रेणूला स्वतःच्या सावकाश गतीने वाट काढावी लागते. वारा पडलेल्या दिवशी दोरीवरचे कपडे कडक उन्हातही दमट राहतात, तसेच हे आहे: बाहेर कितीही कोरडी हवा असो, कापडाला चिकटलेली दमट हवा हलली नाही तर वाळणे होत नाही. टाकीचे पाणी तपासून सगळे आकडे उत्तम आले तरी प्रवाळ उपाशी आणि गुदमरलेला असू शकतो. तपासलेले पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

गुदमरलेला हा शब्द मी जपून वापरतो आहे. डेन्मार्कचे मायकेल क्यूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केसापेक्षा बारीक संवेदकांनी प्रवाळाच्या त्वचेलगतचा ऑक्सिजन मोजला. उजेडात तो हवेशी समतोल असलेल्या पाण्याच्या दुपटीहून वर गेला, कारण पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल तो सतत सोडत होते. अंधार करताच तो जवळपास शून्यावर आला. दोन्ही टोके घातक ठरू शकतात. रात्रीचा तुटवडा कुणालाही पटतो. दिवसाचा अतिरेक मात्र लक्षात घेतला जात नाही. साचलेल्या ऑक्सिजनमुळे शैवालाचे अन्न बनवण्याचे काम मंदावते आणि पेशींना जाळणारी द्रव्ये तयार होतात. इस्रायली संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की प्रवाह वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढते, आणि त्यामागचे मुख्य कारण ऑक्सिजन बाहेर पडायला वाट मिळते हे आहे. म्हणून मंद पाण्यात दिवा वाढवणे हा मला या छंदातला सगळ्यात महाग अपघात वाटतो. रंग यावा म्हणून माणूस हजारो रुपयांचा दिवा आणतो आणि त्याच दिव्याने प्रवाळ पांढरा पडतो.

ओकिनावातला प्रयोग तर प्रत्येक रीफ टँकवाल्याला माहीत असायला हवा. १९९८ मध्ये समुद्र तापला आणि जगभरचे प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा एकाच खडकावरच्या काही वसाहती मेल्या, काही वाचल्या. संशोधक नाकामुरा आणि व्हॅन वुसिक यांनी फांद्यांच्या दगडी प्रवाळातल्या अ‍ॅक्रोपोराच्या वसाहती दोन प्रवाहांत ठेवून पाहिल्या: एक सेकंदाला २–३ सेंटिमीटर, दुसरा ५०–७०. ऊन तेच, गरम पाणी तेच. मंद प्रवाहातल्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मेल्या, वेगवान प्रवाहातल्या वाचल्या. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी तीस अंशांकडे सरकते आणि चिलर परवडत नाही, अशा घरासाठी यात थेट मार्गदर्शन आहे. मंद प्रवाहाचे आकडे पुन्हा पाहा: २–३ सेंटिमीटर. चाळीसपट टर्नओव्हरच्या सरळ हिशेबात आपल्या टाकीला मिळाले होते १.३.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे.

पहिला इतिहासातून येतो. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहून दाखवले की समुद्रातले जिवंत दगड आणि नुसते हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगतात, मग आता हा पाण्याच्या हालचालीचा एवढा आग्रह कशासाठी? ली चिन एंग यांच्याबद्दल मला आदर आहे. जिवंत दगडाचे महत्त्व त्यांनी इतरांच्या कितीतरी आधी ओळखले. पण ते समुद्राजवळ राहत होते, टाकीत जे होते ते जवळच्या किनाऱ्यावरून आलेले होते. आणि बुडबुडेसुद्धा पाणी हलवतातच: वर जाणारा बुडबुड्यांचा स्तंभ पाणी उचलतो, पृष्ठभाग फोडतो, पाणी श्वास घेते. त्यांच्या टाकीत हालचाल होती. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तिसऱ्या मजल्यावर, मिठाच्या पिशवीतून केलेल्या पाण्यात त्यांची पद्धत अर्धीच उचलून चालणार नाही.

दुसरा आक्षेप जीवशास्त्रातला आणि अधिक वजनदार आहे. एमआयटी आणि वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की प्रवाळाच्या त्वचेवरचे सूक्ष्म केस पाण्याचे बारीक भोवरे तयार करतात आणि तो चिकटलेला थर स्वतःच ढवळतात. म्हणजे प्रवाळ असहाय नाही. हे खरे आहे. पण त्या भोवऱ्यांची पोच त्वचेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर. त्यापलीकडचे पाणी बदलायचे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ठप्प कोपऱ्यातला प्रवाळ आपलेच वापरलेले पाणी पुन्हा पुन्हा ढवळत बसतो.

टर्नओव्हरच्या बाजूने बोलणारे शेवटी म्हणतात: नवख्याला काहीतरी आकडा द्यावाच लागतो. मान्य. मग योग्य आकडा द्या. सम्पमधून, म्हणजे गाळणीच्या वेगळ्या टाकीतून, मुख्य टाकीत पाणी आणणाऱ्या रिटर्न पंपासाठी टर्नओव्हर हा योग्यच आकडा आहे, कारण त्याचे काम गाळणी, हीटर आणि फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरपर्यंत पाणी पोचवण्याचे. तिथे तीन ते पाच पट पुरते, आणि त्याहून जास्त रेटण्यात वीज आणि शांतता दोन्ही जातात. गोंधळ होतो तो या कामाचा आकडा दुसऱ्या कामाला लावल्यामुळे. प्रवाळासाठी विचारायचे ते एवढेच: या प्रवाळाच्या अंगावरून पाणी सेकंदाला किती सेंटिमीटर जाते, आणि दिशा बदलते का?

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेला बाहेरून तीस सेंटिमीटरची पट्टी चिकटवा, पाण्यात माशांच्या खाण्याचा थोडा चुरा सोडा, मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करा. कण तीस सेंटिमीटर तीन सेकंदांत गेला तर गती दहा. दगडामागे, फांद्यांच्या आत कण दिसत नाहीत, तिथे प्लास्टरचा उपाय आहे. हवाईतले शैवालशास्त्रज्ञ मॅक्स डोटी यांनी १९७१ मध्ये समुद्रातली हालचाल मोजण्यासाठी जिप्समचे ठोकळे वापरण्याची पद्धत मांडली. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सारख्या आकाराच्या लहान वड्या करा, पूर्ण वाळवून वजन करा, टाकीत निरनिराळ्या ठिकाणी ठेवा, एक तेवढ्याच खारट आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्याच्या बादलीत स्थिर ठेवा. दिवसभराने काढून वाळवून पुन्हा वजन करा. बादलीतल्या वडीइतकीच झिजलेली वडी जिथे सापडेल, तिथे प्रवाळ ठेवू नये. काहीशे रुपयांत होणारा हा प्रयोग चाळीस हजारांच्या पंपांपेक्षा जास्त शिकवतो.

किती गती हवी? फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरासारख्यांना माझ्या मते दहा-वीस सेंटिमीटरपेक्षा कमी नको, मधूनमधून त्याहून बरीच जास्त. लेदर, झोआंथस, लांब बोटांचे युफिलिया या प्रवाळांना पाच-दहाच्या आसपास, डुलतील पण वाकून पडणार नाहीत इतपत. इथे ‘जितके जास्त तितके चांगले’ म्हणणाऱ्यांनाही विरोध करायला हवा, कारण टर्नओव्हरचा आकडा वाढवत नेण्याची स्पर्धा तिथेच पोचते. मांसल प्रवाळावर एकाच दिशेने धार आदळत राहिली की त्याची त्वचा स्वतःच्याच धारदार सांगाड्यावर घासून फाटते. कॅटालाफिलिया हा प्रवाळ तर मूळचा चिखलवट, गढूळ तळावरचा, त्याला रीफच्या कडेचा मारा देणे हा छळ आहे. फार वेगात प्रवाळाचे पॉलिप वाकतात, मिटतात, अन्न पकडू शकत नाहीत. शिवाय पाण्यात बुडालेल्या पंपाची सगळी वीज शेवटी उष्णता होते. पंचवीस वॉटचे चार पंप ३०० लिटरच्या टाकीत तासाला सुमारे ०.३ अंश वाढवू शकतात, बाहेर निघून जाणारी उष्णता सोडली तर. एप्रिलमध्ये आपल्याकडे हीच वाढ जिवावर बेतते.

दिशा बदलण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण लिटरच्या वादात ते पार झाकले गेले. समुद्रात पाणी एकाच दिशेने वाहत नाही, ते लाटेबरोबर पुढे-मागे होते. दाट फांद्यांच्या प्रवाळात एकदिशी प्रवाह बाहेरून वळसा घालून निघून जातो आणि आतल्या फांद्या स्थिर पाण्यात राहतात. पुढे-मागे होणारे पाणी आत शिरते. वायकिकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांनी यासाठी बनवलेले साधन आजही मला सगळ्यात सुंदर वाटते: टाकीच्या वर एक पिंप, त्यात लहान पंपाने सावकाश पाणी चढते, वाकड्या नळीच्या माथ्यावर पोचले की सायफन सुरू होतो आणि सगळे पाणी एकदम खाली कोसळते. पाणी चढवणारा पंप सोडला तर हलणारा एकही भाग नाही. आवाज होतो, बुडबुडे होतात, घरात सगळ्यांना चालत नाही, हे खरे. त्याऐवजी आजचे नियंत्रित पंप ठरावीक ठेक्याने चालू-बंद करता येतात. आपल्या १२० सेंटिमीटरच्या टाकीत पाणी एका टोकापासून दुसऱ्याकडे जाऊन परत येण्याचा नैसर्गिक ठेका सुमारे १.३ सेकंदाचा असतो. पंपाचा ठेका त्याला जुळला की एक लहान पंप सगळी टाकी डोलवतो, पंपांच्या रांगेशिवाय. मात्र काचेचे सांधे आणि स्टँड मजबूत असल्याखेरीज हे करू नये. तेवढेही जमत नसेल तर समोरासमोरचे दोन पंप काही तासांनी आलटून पालटून चालवा. चक्र उलटे फिरेल आणि कालचा आडोसा आज उघडा पडेल.

बहुतेक टाक्यांतला सगळ्यात मोठा अडथळा पंपाचा नसतोच, दगडांचा असतो. मागच्या काचेला टेकवून वरपर्यंत रचलेली दगडांची भिंत दिसायला भरघोस असते, पण ती चक्र मोडते, तिच्यामागे गाळ साचतो, तो कुजतो आणि नायट्रेट चढते. मग माणूस आणखी एक पंप आणतो. दगड कमी करा, मागे हात जाईल एवढी जागा सोडा, कमानी ठेवा, एका टोकाला उंची आणि दुसऱ्याला मोकळे पाणी ठेवा. याला पैसे लागत नाहीत, आणि दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही.

इतका आग्रह का धरायचा, तर या टाक्यांमधले प्राणी कुठून तरी आणलेले असतात. आपल्या समुद्रातले सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातून उचललेला तुकडा कुणी विकायला आणला तर तो घेणे गुन्हा आहे, आणि तो घेऊच नये. कायदेशीर मार्गाने आलेला मऊ प्रवाळसुद्धा मोठा प्रवास करून येतो, आणि घरच्या टाकीत त्याला हवा तसा प्रवाह देणे ही पाळणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, दिव्याच्याही आधी. वीज गेल्यावर हे सगळ्यात स्पष्ट दिसते. सव्वीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. रात्रीचे भारनियमन काही तास चालले तर भरलेल्या टाकीतला तो साठा झपाट्याने उतरतो. दिवा बारा तास नसला तरी चालते, स्किमर नसला तरी चालते. पृष्ठभाग फोडणारा एक छोटा पंप किंवा बॅटरीवरचा हवेचा पंप मात्र पहिल्या तासातच लागतो. इन्व्हर्टरवर काय टाकायचे याची यादी करताना पहिले नाव त्याचे असावे.

पंप बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. खोक्यावर तासाला किती लिटर हे छापायचे तर छापा, पण त्याच्या शेजारी हेही छापा: मोकळ्या पाण्यात पंपासमोर अर्ध्या मीटरवर आणि एक मीटरवर सेकंदाला किती सेंटिमीटर गती मिळते, धार तिथे किती रुंद झालेली असते, आणि त्यासाठी किती वॉट लागतात. पंपाचे मोजमाप करणाऱ्या कुठल्याही कारखान्याला हे तिन्ही आकडे काढता येतात. ते मिळेपर्यंत दुकानात नुसती चालू पंपाची टाकी दाखवू नका, तिच्यात चिमूटभर चुरा सोडून दाखवा.